वृक्षरेषेच्या वर : डोंगरमाथ्यावरच्या वनस्पतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तराखंड, लडाख, सिक्कीमचे ट्रेक करून आलेली मंडळी आधी फोटो दाखवतात आणि मागोमाग प्रश्न विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं चार ओळींत संपतात. जिथे विषय रंगतो तिथे मात्र हात आखडता घेतलेला नाही.

अल्पाइन पट्टा नेमका कुठून सुरू होतो?

झाडं संपतात तिथून. चढताना एका उंचीनंतर उभं झाड दिसेनासं होतं, त्या सीमेला वृक्षरेषा म्हणतात. तिच्या वरचा आणि कायमच्या बर्फाच्या खालचा पट्टा म्हणजे अल्पाइन. गढवालमध्ये याच पट्ट्यातल्या कुरणांना बुग्याळ म्हणतात.

ही रेषा ठरावीक उंचीवर नसते. आल्प्समध्ये ती साधारण २,००० ते २,३०० मीटरवर आहे, उत्तराखंडात ३,३०० ते ३,६०० च्या आसपास, तर तिबेटात ज्युनिपरची झाडं थेट ४,९०० मीटरपर्यंत पोचली आहेत. तापमान मात्र सगळीकडे जवळपास एकच निघतं. वाढीच्या हंगामाची सरासरी ६ ते ७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरली की झाड हार मानतं. बाझेल विद्यापीठातले ख्रिश्चन कोर्नर यांनी जगभरच्या वृक्षरेषांवर मोजमापं करून हे दाखवलं. पृथ्वीवरच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग या पट्ट्यात येतो आणि तिथे फुलझाडांच्या अंदाजे १०,००० जाती राहतात.

झाड जिथे तगत नाही तिथे वीतभर रोप कसं तगतं?

कारण ते रोप आपल्या डोक्यावरून वाहणाऱ्या हवेत राहतच नाही. उंच झाडाच्या फांद्या वाऱ्यात असतात, म्हणून त्यांचं तापमान हवेइतकंच राहतं. जमिनीला चिकटलेलं रोप ऊन साठवतं. निरभ्र दुपारी त्याच्या पानांचं तापमान हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनीही जास्त भरतं.

लडाखच्या उंच खिंडींत थायलॅकोस्पर्मम नावाची वनस्पती दिसते. लांबून शेवाळलेला धोंडा वाटावा अशी. हात लावला तर पृष्ठभाग खरंच दगडासारखा टणक लागतो, कारण शेकडो इवल्या फांद्या एकमेकींना घट्ट चिकटून वाढलेल्या असतात. जुनी पानं गळून वाऱ्यावर जात नाहीत, आतच कुजतात. त्यामुळे ओल टिकते आणि रोपाचं खत रोपातच तयार होतं. अशी गादीसारखी ठेवण सपुष्प वनस्पतींमध्ये स्वतंत्रपणे शंभराहून अधिक वेळा उत्क्रांत झाली आहे, यावरून हा उपाय किती चालतो ते कळावं. लडाखमध्येच ६,१०० मीटरच्या वरही फुलझाडं सापडली आहेत.

उंचावर जगणं अवघड. मग तिथे जाती कमी हव्यात, इतकी विविधता कशी?

अर्धी शंका बरोबर आहे. वर जाल तसा जातींचा एकूण आकडा घटतच जातो. पण त्या पट्ट्यातल्या कितीतरी जाती जगात दुसरीकडे कुठेच नसतात, आणि त्यातल्या बऱ्याच वयाने अगदी कोवळ्या असतात. खरं कोडं हे आहे.

उंचीपेक्षा तुटकपणा जाती जास्त घडवतो, असं माझं मत पुराव्यांकडे पाहून झालं आहे. शिखराभोवतीचा थंड पट्टा म्हणजे बेटच. शेजारचं शिखर डोळ्यांना दिसतं, पण मध्ये हजार-दीड हजार मीटर खोल, उबदार, जंगलाने भरलेली दरी असते आणि त्या दरीत थंडीला सरावलेलं बी रुजत नाही. दोन्हीकडची कुटुंबं एकमेकांपासून तुटली की प्रत्येकात होणारे जनुकीय बदल आपापल्या वाटेने साचत जातात.

एकाच उतारावरही असं घडू शकतं. खोलगट जागी बर्फ उशिरा वितळतो, उंचवट्यावर लवकर. हाकेच्या अंतरावरची एकाच जातीची दोन रोपं दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने फुलतात. एकाचा पराग तयार असतो तेव्हा दुसऱ्याच्या कळ्याही उमललेल्या नसतात. त्यात दक्षिणेकडचा उतार कोरडा, उत्तरेकडचा ओला, आणि खडक कुठे चुन्याचा तर कुठे ग्रॅनाइटचा. सपाट मुलुखात एवढा फरक पाहायला शेकडो किलोमीटर जावं लागतं.

नवी जाती घडायला किती काळ लागतो?

लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी. अँडीजमधल्या ल्युपिनचं उदाहरण सगळ्यात गाजलेलं आहे. ल्युपिन म्हणजे वाटाण्याच्या कुळातली, निळ्या-जांभळ्या तुऱ्यांची वनस्पती. कॉलिन ह्यूज आणि रूथ ईस्टवूड यांनी २००६ मध्ये डीएनएच्या आधारे हिशोब मांडला. अँडीजच्या उंच भागातल्या ८० च्या वर जाती अवघ्या १२ ते १८ लाख वर्षांत घडल्या आहेत. भूशास्त्राच्या मापात हा डोळा लवण्याइतका वेळ. त्यांत जमिनीलगत पसरणारी चिमुकली रोपं आहेत, झुडपं आहेत आणि लहानशी झाडंही आहेत.

असं का झालं? अँडीजच्या उत्तरेकडच्या भागातले कळस वृक्षरेषेच्या वर येऊन फार काळ लोटलेला नाही. थंड, मोकळी, कुणी न बळकावलेली जागा अचानक तयार झाली आणि जो वंश आधी पोचला त्याने हातपाय पसरले. न्यूझीलंडच्या सदर्न आल्प्समध्ये व्हेरोनिका या फुलझाडांच्या गटाने हेच केलं; तिथे आज त्याच्या शंभराहून जास्त जाती आहेत.

हिमालय सर्वांत उंच. मग सर्वाधिक जाती हिमालयातच घडल्या असतील ना?

नाही. तो मान हिमालयाच्या पूर्वेकडच्या हेंगदुआन डोंगररांगांना जातो. युनान, सिचुआन आणि आग्नेय तिबेटात पसरलेल्या या रांगांतून साल्वीन, मेकाँग आणि यांगत्से या तीन नद्या खोल घळींतून शेजारी शेजारी, जवळजवळ समांतर वाहतात. मध्ये उरतात त्या उंच, अरुंद धारा. तुटकपणाचा याहून चांगला नमुना सापडणं कठीण. तिथे वनस्पतींच्या सुमारे १२,००० जाती आहेत.

यावू शिंग आणि रिचर्ड री यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की गेल्या सुमारे ८० लाख वर्षांत हेंगदुआनमध्ये तिथल्या तिथे नव्या जाती घडण्याचा वेग वाढला. हिमालय आणि तिबेटच्या पठारावर मात्र बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या जातींचा वाटा मोठा आहे. २०२० मध्ये याच गटाचं आणखी एक काम आलं. त्यानुसार हेंगदुआनच्या अल्पाइन वनस्पतींचा इतिहास तब्बल ३ कोटी वर्षं मागे जातो आणि त्याला वेग देण्यात डोंगर वर येण्याबरोबर मान्सूनचाही हात आहे. पाऊस वाढला, नद्यांनी खोल घळी कापल्या, डोंगर आणखी तुटक झाले. आपल्याकडे मान्सूनचा हिशोब पीकपाण्यात होतो. त्याने फुलांच्या जातीही घडवल्या हे क्वचितच बोललं जातं.

हिमयुगात तर सगळं बर्फाखाली होतं. या वनस्पती वाचल्या कशा?

सगळं बर्फाखाली नव्हतं. आल्प्समध्ये काही वनस्पती हिमनद्यांच्या कडेला, कमी उंचीच्या भागात सरकल्या. काही बर्फातून वर डोकावणाऱ्या उघड्या सुळक्यांवर टिकून राहिल्या. एरिट्रिकियम नॅनम या निळ्या फुलांच्या इवल्या रोपाच्या जनुकीय अभ्यासात अशा सुळक्यांवर तग धरल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. ‘आल्प्सचा राजा’ हे त्याचं टोपणनाव उगाच नाही.

विषुववृत्ताजवळ गोष्ट उलटी झाली. कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वाडोरमध्ये वृक्षरेषेच्या वरच्या ओल्या, धुकट माळांना पारामो म्हणतात. थंडी वाढली की वृक्षरेषा खाली यायची, माळ पसरायचे आणि आज वेगळे दिसणारे अनेक माळ एकमेकांना भिडायचे. ऊब वाढली की जंगल वर चढायचं आणि माळ पुन्हा एकेका शिखरापुरते उरायचे. गेल्या २६ लाख वर्षांत हे पुन्हा पुन्हा झालं. जोडलं गेल्यावर बी आणि पराग मिसळायचे, तुटल्यावर प्रत्येक माळाची वेगळी वाट. वेगाने जाती घडणाऱ्या ठिकाणांच्या यादीत पारामो अगदी वर आहे, आणि त्याचं मोठं कारण या उघडझापीत आहे.

रोपांचा बुटकेपणा जन्मजात असतो, की थंडीमुळे तेवढ्यापुरता येतो?

दोन्ही, आणि हे वेगळं करून दाखवणारा प्रयोग मुळातून समजून घेण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियात जेन्स क्लॉसेन, डेव्हिड केक आणि विल्यम हायसी या तिघांनी तीन उंचींवर बागा केल्या : स्टॅनफर्डला ३० मीटरवर, मॅथरला १,४०० मीटरवर आणि टिंबरलाइनला ३,०५० मीटरवर. मग एकेक रोप उपटून त्याचे मुळांसकट तुकडे केले आणि एकेक तुकडा प्रत्येक बागेत लावला. म्हणजे जनुकं तीच, फक्त पत्ता बदलला. एकाच रोपाचा तुकडा जागेनुसार लहान-मोठा होतो हे त्यात दिसलं.

त्याच्या उलटही करून पाहिलं. सिएरा नेवाडाच्या वेगवेगळ्या उंचींवरून यॅरो या वनस्पतीचं बी आणून एकाच बागेत पेरलं. हवा, पाणी, माती सगळ्यांना सारखं. तरी उंचावरून आलेल्या बियांची रोपं ठेंगणीच राहिली आणि खालच्या भागातली उंच झाली. म्हणजे तो बुटकेपणा आता रक्तात उतरला होता. किनाऱ्याकडची रोपं टिंबरलाइनच्या थंडीत टिकाव धरेनात. १९४० च्या दशकात प्रसिद्ध झालेलं हे काम वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आजही अभ्यासतात, आणि रास्तच आहे. जाती वेगळी होण्याच्या वाटेवरचा मधला मुक्काम त्यात डोळ्यांना दिसतो.

केनियातली आणि कोलंबियातली झाडं फोटोत सारखीच दिसतात. नातं आहे का?

जवळचं नाही. केनिया आणि किलिमांजारोवर डेंड्रोसेनेसिओ वाढतो, अँडीजमध्ये एस्पेलेशिया, जिला तिथले लोक फ्रायलेखोन म्हणतात. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या खऱ्या, पण त्या कुळात हजारो जाती आहेत आणि या दोघी वेगवेगळ्या शाखांतून आल्या. तरी रूप एकच : जाड खोड, टोकाला केसाळ पानांचा मोठा गुच्छ, खोडाभोवती वाळलेल्या पानांचा गळून न पडलेला थर.

विषुववृत्तावरच्या डोंगरात ऋतू वर्षाचे नसून दिवसाचे असतात. दुपारी उन्हाळा, रात्री हिवाळा, आणि हे रोज. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोव्ह हेडबर्ग यांनी पूर्व आफ्रिकेच्या उंच डोंगरांचं वर्णन असंच केलं होतं. वाळक्या पानांच्या थरामुळे खोडातलं पाणी रात्री गोठत नाही. माउंट केनियावरच्या एका लोबेलियाची युक्ती आणखी भारी आहे. तिच्या पानांच्या गुच्छात पाणी साठतं, रात्री वरचा थर गोठतो आणि त्या बर्फाखालच्या पाण्यात कोवळा कोंब सुरक्षित राहतो.

ब्रह्मकमळ पांढरं दिसतं ते कशामुळे?

आपण ज्याला पाकळ्या समजतो ती फुलाभोवतीची पातळ, कागदासारखी पानं आहेत. त्यांना छद म्हणतात. खरी फुलं जांभळी, बारीक, आत गोळा झालेली. ही वनस्पती सॉसुरिया गटातली, म्हणजे पुन्हा सूर्यफुलाच्याच कुळातली, आणि ऐन पावसाळ्यात फुलते. छदांमुळे पराग भिजत नाही आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहते.

सिक्कीममधल्या रेउम नोबिलेने हाच उपाय मोठ्या प्रमाणावर केलाय. चुक्याच्या कुळातली ही वनस्पती दीड-दोन मीटर उंच होते आणि तिचा फिकट पिवळा मनोरा लांबच्या उतारावरूनही ओळखू येतो. तिचे छद उजेड आत घेतात आणि अतिनील किरण अडवतात. परागीभवन करणाऱ्या बारीक माश्या त्याच आडोशाला अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या थोडं बी खाऊन टाकतात. सौदा दोघांना परवडतो म्हणून चाललाय.

आमच्या गॅलरीतल्या कुंडीत रात्री फुलतं ते हेच ब्रह्मकमळ का?

नाही. ते एपिफायलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेलं निवडुंग. फूल सुंदर आहे, हिमालयाशी संबंध शून्य.

एकाच बुग्याळात एकाच गटाच्या चार-पाच जाती शेजारी फुलतात. त्यांचा संकर का होत नाही?

कधी कधी होतो. पेडिक्युलॅरिस या गटात मात्र तो टाळण्याची सोय फुलाच्या आकारातच आहे. या गटाच्या काही शे जाती आहेत आणि हिमालय-हेंगदुआन हे त्यांचं माहेर म्हणावं इतक्या तिथे आहेत. एकाच माळावरच्या अनेक जातींवर एकच बंबलबी, म्हणजे जाडजूड, केसाळ मधमाशी, फिरते. पण एका जातीच्या फुलाची चोच सोंडेसारखी वळलेली, दुसरीची आखूड, तिसरीची पिळलेली. त्यामुळे एकीचा पराग बंबलबीच्या डोक्याला लागतो, दुसरीचा पाठीला, तिसरीचा पोटाला, आणि बहुतेक वेळा योग्य जागीच उतरतो.

संकर झाला तर तो दर वेळी वायाच जातो असंही नाही. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवर सेनेसिओ या सूर्यफुलाच्याच कुळातल्या गटाच्या दोन जाती आहेत, एक माथ्याकडची, एक पायथ्याची, आणि मधल्या उंचीवर त्यांची सरमिसळ. हा संकर १८ व्या शतकात ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात वाढत होता. तिथून तो भिंती ओलांडून शहरात निसटला. पुढे रेल्वे आली. रुळांखालची खडी आणि राख त्याला घरच्या लाव्हासारखीच मानवली आणि तो रुळांच्या कडेकडेने ब्रिटनभर पसरला. आता ती वेगळी जाती मानली जाते.

गुणसूत्रांचे संच दुप्पट होऊन नवी जाती घडण्याचा प्रकारही थंड प्रदेशात बराच आढळतो. तो मोठा विषय आहे, इथे फक्त नोंद.

सह्याद्रीत अल्पाइन वनस्पती आहेत का?

नाहीत. कळसूबाई १,६४६ मीटर, केरळातलं अनमुडी २,६९५ मीटर. या अक्षांशावर थंडीमुळे झाडं संपायला याहून बरंच वर जावं लागेल. निलगिरीच्या माथ्यावर गवताळ माळ आणि शोला जंगलं आहेत. तिथला लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन हिमालयातल्या बुरांशाचाच दक्षिणेतला भाऊबंद आहे. मध्ये हजारो किलोमीटरचं उष्ण पठार असताना तो तिथे कसा, याचं उत्तर थंड युगांत शोधलं जातं.

तुटकपणाचा नियम मात्र आपल्याकडेही लागू पडतो. कास-चाळकेवाडीचे सडे पाहा : जांभ्यावर बोटभर माती, चार महिने चिखल, आठ महिने तापलेला दगड, आणि एका सड्यापासून दुसऱ्यापर्यंत जंगल किंवा शेती. कंदीलपुष्पांच्या काही जाती सह्याद्रीतल्या मोजक्याच ठिकाणी सापडतात. सेरोपेजिया लॉवी हरिश्चंद्रगडाच्या परिसरातली म्हणून प्रसिद्ध आहे.

तापमान वाढलं तर या वनस्पती वर सरकतील, एवढंच ना?

सरकत आहेतच. युरोपातल्या ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की शिखरांवर नव्या जाती पोचण्याचा वेग अलीकडच्या दशकांत खूप वाढला आहे. ऐकायला बरं वाटतं, कारण आकडा वाढतोय. पण वर येतात त्या खालच्या, उंच वाढणाऱ्या, दांडग्या जाती. आधीपासून माथ्यावर असलेल्या ठेंगण्या रोपांना पुढे जागाच नाही.

जुन्या नोंदींशी तुलना करताना जपावंही लागतं. हुम्बोल्ट आणि बोनप्लां हे निसर्गअभ्यासक १८०२ मध्ये इक्वाडोरमधल्या चिंबोराझो या डोंगरावर चढले. त्यानंतर हुम्बोल्टने प्रसिद्ध केलेल्या चित्रात कोणती वनस्पती किती उंचीवर हे दाखवलं होतं. २०१५ मध्ये त्यावरून अनुमान निघालं, की वनस्पती ५०० मीटरहून जास्त वर सरकल्या आहेत. २०१९ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी मूळ कागदपत्रं तपासली. चित्रातल्या बऱ्याच नोंदी चिंबोराझोच्या नव्हत्याच, त्या अँतिसाना या दुसऱ्या डोंगरावरच्या होत्या! सुधारित आकडा अडीचशे मीटरच्या आसपास आला. तोही कमी नाही.

माणसामुळेही या वनस्पती बदलतात का?

बदलल्या आहेत, आणि अगदी थोड्या काळात. हेंगदुआनमध्ये फ्रिटिलेरिया डेलावायी ही कंदाची वनस्पती खडीच्या उतारावर वाढते. चिनी औषधांत तिचा कंद खोकल्यावर वापरतात. कंद इतका लहान, की किलोभर माल जमवायला साडेतीन हजारांहून जास्त रोपं खणावी लागतात. काही ठिकाणी तिची पानं-फुलं हिरवीगार आहेत, काही ठिकाणी करडी-तपकिरी, आजूबाजूच्या खडीत मिसळून जाणारी. जिथे खोदणं सोपं आणि खोदणारे जास्त, तिथली रोपं खडीच्या रंगाशी जास्त जुळतात, असं अभ्यासात निघालं. तिला खाणारा प्राणी तिथे आढळला नाही. डोळ्यांना दिसेल ते माणूस उपटतो. न दिसलेलं बी धरतं.

सॉसुरिया लॅनिसेप्स या तिबेटी हिमकमळाचं तसंच झालं. मोठी रोपं औषधासाठी आधी तोडली जातात, म्हणून शंभर वर्षांत तिची उंची घटली. देवाच्या नावाने राखलेल्या डोंगरांवर ती अजून उंच आहे. आपल्या काढ्या-चूर्णांत जाणाऱ्या जटामांसी, कुटकी आणि अतिविष याही हिमालयाच्या याच पट्ट्यातल्या, आणि त्यांच्यावरचा खणतीचा ताण जुना आहे.

प्रत्यक्ष पाहायचं तर कुठे आणि कधी?

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना सोयीचं म्हणजे चमोलीतलं फुलांची घाटी राष्ट्रीय उद्यान. जून ते ऑक्टोबर उघडं असतं, फुलं जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सर्वाधिक. घाटीत मुक्कामाला परवानगी नाही, घांघरियात राहावं लागतं. ब्रह्मकमळ पाहायचं असेल तर घाटीपेक्षा हेमकुंड साहिबची वाट धरा. ते वरच्या टप्प्यात, ४,००० मीटरच्या आसपास भेटतं. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा आणि झाडं कुठे संपली ती उंची वहीत टिपून घ्या. भिंग आधी फुलावर न धरता पानाच्या पाठीवर धरा. लव कुठे दाट आहे, कुठे विरळ, ते चढत्या उंचीबरोबर पाहत गेलात तर वरची निम्मी उत्तरं तिथेच पडताळता येतील.